सीझन सोडून एमए

पत्र देवगड तालुक्यातून आलं आहे, चार पानी आणि हाताने लिहिलेलं. नाव-गाव गाळून त्यातला मुख्य भाग देते.

"सप्रेम नमस्कार. माझं वय ३६. मुंबई विद्यापीठातून २०१० साली इतिहास घेऊन बीए केलं आणि त्याच वर्षी लग्न होऊन या गावात आले. आमची हापूसची कलमं आहेत, थोडी भातशेती आहे. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. गावच्या वाचनालयात संध्याकाळी ४ ते ७ मी ग्रंथपाल म्हणून बसते, मानधन नावापुरतं. पावसात तर तिथे कुणी फिरकतसुद्धा नाही. मला एमए करायचं आहे, पण रोज कॉलेजात जाणं शक्य नाही, म्हणून बाहेरून. नवरा म्हणतो, 'कर गो, पण सीझन सोडून.' सासूबाई म्हणतात, 'आता शिकान काय कलेक्टर होतलंस?' कणकवलीच्या एका ऑफिसातल्या माणसाने सांगितलंय की ४५ हजार भरा, परराज्यातल्या विद्यापीठाची एमए एका वर्षात मिळेल, परीक्षेची काळजी आम्ही घेऊ. बाहेरून केलेल्या एमएला किंमत असते का? कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागेल का? इग्नू घ्यावं, नाशिकचं मुक्त विद्यापीठ की मुंबईचं? नणंदेलाही मानसशास्त्रात बाहेरून एमए करायचं आहे. आणि खरं सांगू का, आमच्या मागच्या सड्यावरून विजयदुर्ग दिसतो. मुलं त्याच्याबद्दल विचारतात तेव्हा चार वाक्यांच्या पुढे मला काही सांगता येत नाही, याची लाज वाटते."

ताई,

कणकवलीच्या त्या माणसाला तुम्ही पत्रात जवळजवळ पाऊण पान दिलंय. म्हणजे थोडा मोह झालेला आहे. तेव्हा आधी त्यालाच निकालात काढू.

तुमची बीए तीन वर्षांची आहे आणि तीन वर्षांच्या पदवीवर एमए दोन वर्षांची असते. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षाची एमए आली आहे खरी, पण ती चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी. 'एका वर्षात' हे ऐकलंत तिथेच चहाचा कप खाली ठेवून उठायचं होतं. परराज्यातल्या विद्यापीठाचं म्हणाल, तर राज्यातली सरकारी किंवा खाजगी विद्यापीठं दूरस्थ पद्धतीने शिकवतात ती आपापल्या हद्दीत. देशभर केंद्रं चालवण्याची मुभा इग्नूसारख्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासारख्या, संस्थेला आहे. ऑनलाइन पदवीला हद्दीचं बंधन नाही, पण तिलाही विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी लागते आणि परीक्षा तिथेही द्यावीच लागते. शिवाय दूरस्थ शिक्षणाची फ्रँचायझी वाटायला आयोगाने मनाई केलेली आहे. म्हणून एका गाळ्यात टेबल टाकून कुणी चार विद्यापीठांची फी रोखीत घेत असेल, तर त्याच्याकडे विकायला नक्की काय आहे ते तुम्हीच ओळखा.

'परीक्षेची काळजी आम्ही घेऊ' म्हणजे एकतर तुमच्या नावावर दुसरंच कोणीतरी पेपर लिहिणार, नाहीतर पेपर होणारच नाही आणि मागची तारीख टाकलेली गुणपत्रिका हातात पडणार. पुढे कुठे कागदपत्रांची पडताळणी निघाली की तो माणूस गाळा बदलून गेलेला असतो आणि खुलासा द्यायला तुम्ही उरता. पैसे गेले तर एखादा हंगाम वाईट गेला असं म्हणता येईल. खोट्या गुणपत्रिकेवर तुमचं नाव असलं की ते तसं पुसता येत नाही.

खरं-खोटं स्वतः तपासता येतं. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला कोणत्या अभ्यासक्रमासाठी आणि कोणत्या सत्रापासून मान्यता आहे त्याची यादी असते. विद्यापीठाचं नाव यादीत दिसलं म्हणून थांबू नका, तुमचा विषय आणि तुमचं वर्ष त्यात आहे का ते बघा. आता प्रवेशाआधी विद्यार्थ्याने स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो आधी काढलेल्या शैक्षणिक क्रेडिट खात्याला, म्हणजे एबीसी आयडीला जोडलेला असतो. तो काढायला पैसे पडत नाहीत आणि दुसऱ्या कुणाच्या फोनवरून काढूही नये. नववीतली मुलगी अर्ध्या तासात काढून देईल. फी भरायची ती विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवरच, गुगल पेवर कुणाच्या नंबरला नाही.

आता किमतीचं. आयोगाच्या २०२० च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा सूचना काढून तेच सांगितलं. नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचा, अर्ज भरताना एमए कोणत्या पद्धतीने केलं यावरून तुम्हाला कुणी अडवत नाही. गावात 'बाहेरून केलं हो' असं म्हणणारे भेटतील. नाक्यावरच्या बोलण्याला आयोगाचा नियम लागू होत नाही, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

नोकरीबद्दल मात्र गोड बोलणार नाही. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला एमएवर बीएडही लागतं, वर शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी आणि त्याच भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट. दूरस्थ बीएड असतं, पण ते सेवेतल्या किंवा आधी शिक्षक-प्रशिक्षण झालेल्या लोकांसाठी आहे. तुम्हाला नियमित दोन वर्षं कॉलेजात बसावं लागेल. एमएला नुसती तीन वर्षं धरली तरी ३९ वय झालं, बीएड धरून ४१. राज्य सरकारच्या सरळसेवेत खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८ आहे आणि मागासवर्गीयांची ४३. तुम्ही कोणत्या वर्गात येता ते लिहिलेलं नाही, पण हिशेब तुमच्या लक्षात आला असेल. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला बीएड लागत नाही, एमए आणि नेट किंवा सेट लागतं, आणि सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी या परीक्षांना वयाची अट नाही. ही वाट तुम्हाला उघडी आहे. पण पूर्ण वेळाच्या जागा कमी आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे बरेच, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पाच मिनिटं बसलात तरी कळेल. तासिकेच्या पैशावर घर चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

नेट-सेट डोक्यात असेल तर एक आकडा आत्ताच लिहून ठेवा: एमएला ५५ टक्के, राखीव वर्गांना ५०. इग्नूत पास व्हायला ४० पुरतात आणि पुष्कळ जण त्या ४० वर समाधान मानतात. मग पदवी हातात आणि नेटचा अर्ज भरता येत नाही, अशी अवस्था होते. आमच्या अभ्यासकेंद्रावर अशी तोंडं मी फार पाहिली आहेत.

वाचनालयातलं मानधन एमए इतिहासाने वाढणार नाही. त्यासाठी ग्रंथालयशास्त्र हवं. त्यातली पदवी, बी.लिब., नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून होते आणि इग्नूतूनही. हा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे आणि तुमच्या रोजच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे. निव्वळ व्यवहार बघायचा तर मी तुम्हाला बी.लिब. करा म्हणेन. २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायलाही परवानगी आहे, पण तो विचार मनात आणू नका. कलमं, भात, दोन मुलं आणि दोन पदव्या, हे काही जमायचं नाही.

पण तुम्ही व्यवहारासाठी लिहिलेलंच नाही. नोकरीबद्दल एक ओळ लिहिलीत आणि विजयदुर्गाबद्दल अर्धं पान. लाज वाटते म्हणालात, ती मला फार मोलाची वाटली. १७५६ साली इंग्रज आणि पेशवे एकत्र आले, मराठा आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्रे यांच्याकडून हा किल्ला घेतला आणि आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं. मराठ्यांनीच मराठ्यांचं आरमार का जाळू दिलं, हा प्रश्न तुमच्या पाचवीतल्या मुलाने विचारला तर उत्तर चार वाक्यांत बसणारच नाही. त्यासाठी एमए करावंसं वाटत असेल तर ते कारण पुरेसं आहे, आणि कलेक्टर होण्याच्या कारणापेक्षा जास्त टिकाऊ आहे. नोकरीच्या आशेने आलेली माणसं पहिल्या वर्षी एखाद-दुसरी जाहिरात हुकली की गळतात.

एक धोका मात्र सांगते. पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत विजयदुर्ग भेटणार नाही. मेसोपोटेमिया भेटेल, युरोपातली सरंजामशाही भेटेल, औद्योगिक क्रांती भेटेल. इथे पुष्कळांचा हिरमोड होतो. तुमच्या कामाचा पेपर म्हणजे इतिहासलेखनाचा. बखर किती खरी मानायची, ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रांत इंग्रज स्वतःची बाजू कशी रंगवतात, साधन कसं तपासायचं, हे त्यात शिकायला मिळतं. तो पेपर झाला की किल्ल्यावर लावलेला माहितीफलक तुम्ही वेगळ्या नजरेने वाचाल. बहुधा चिडालसुद्धा.

आता तुमच्या नवऱ्याचं वाक्य. 'सीझन सोडून.' तुम्ही ते तक्रारीच्या सुरात लिहिलंय, पण मला त्यांनी नेमकी अडचण सांगितली असं वाटतं. आपल्याकडे दूरस्थ शिक्षण अर्धवट सुटतं ते विषय अवघड म्हणून कमी आणि तारखा चुकीच्या पडतात म्हणून जास्त.

इग्नूच्या सत्राअखेरच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. बहुतेक अभ्यासक्रमांत परीक्षेला ७० टक्के आणि असाइनमेंटला ३० टक्के गुण असतात, आणि असाइनमेंट दिल्याशिवाय परीक्षेचा काही उपयोग नाही. जूनच्या परीक्षेसाठी असाइनमेंट द्यायच्या साधारण मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे ज्या दिवसांत तुमच्या अंगणात पेट्या भरल्या जातायत, गड्यांचा स्वयंपाक आहे, वाशीच्या दलालाचे फोन येतायत, त्या दिवसांत तुम्ही रात्री अकरा वाजता सरंजामशाहीवर हजार शब्द लिहायला बसणार. नाही लिहिणार. आणि ऐन परीक्षेत पेरा, पहिला पाऊस, वीज गेलेली. परीक्षा केंद्र लांबचं मिळालं आणि घाट चढून जायची वेळ आली तर जूनमधल्या दरडी वेगळ्याच.

डिसेंबर त्या मानाने मोकळा. भात कापून, झोडून झालेलं असतं. मोहोराची फवारणी चालू असते, पण ते काम तुमच्या एकटीवर नसतं. डिसेंबरच्या परीक्षेसाठी असाइनमेंट द्यायच्या साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि त्या लिहायला लावणी आटोपल्यापासून गणपतीपर्यंतचे दिवस आहेत. म्हणजे हेच आत्ताचे. मुदत बऱ्याचदा वाढते, पण त्या वाढीवर विसंबू नका. गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की दहा-पंधरा दिवस घर तुमचं राहत नाही हे धरूनच चला.

इग्नूत प्रवेश वर्षातून दोनदा मिळतो, जानेवारी आणि जुलै सत्राला. वार्षिक पद्धतीच्या अभ्यासक्रमाला जुलैत प्रवेश घेतलात तर पहिल्या वर्षाची परीक्षा पुढच्या जूनला येते. जानेवारीत घेतलात तर त्याच वर्षीच्या डिसेंबरला. जवळपास सगळे घाईने जुलैत घेतात, कारण शाळा-कॉलेजं जूनमध्ये सुरू होतात आणि तीच सवय आहे. तुम्ही जानेवारी सत्र घ्या. अर्ज भरण्याआधी माहितीपुस्तिकेत तुमचा अभ्यासक्रम वार्षिक आहे की सत्रनिहाय, एवढं बघून घ्या, कारण सत्रनिहाय असेल तर हे गणित बदलतं.

आणि दोन वर्षांत संपवायचा हट्ट सोडा. इग्नूत एमए किमान दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत करता येतं. त्यांच्या हिशेबाने एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. आठ क्रेडिटचा एक पेपर म्हणजे २४० तास. हा हिशेब कागदावरचा आहे, प्रत्यक्षात कुणी इतका वेळ देत नाही. तो निम्म्यावर आणला तरी एका पेपरला १२० तास राहतात. रोज दीड तास मिळाला तर ८० दिवस. असे चार पेपर म्हणजे ३२० दिवस, आणि तुमच्या वर्षातून फेब्रुवारीअखेर ते मेअखेर कापून टाकायचा आहे. तेव्हा डिसेंबरला दोन किंवा फार तर तीन पेपर द्या, उरलेले पुढच्या डिसेंबरला. साडेतीन-चार वर्षं लागतील. पुनर्नोंदणीची तारीख मात्र चुकवू नका. दुसऱ्या वर्षाची फी वेळेवर भरली नाही म्हणून सहा-सहा महिने फुकट गेलेली माणसं, नापास झालेल्यांपेक्षा मला जास्त आठवतात.

मग मुंबई का नको? मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून आहे. आपण त्याला आयडॉल म्हणून ओळखत होतो, आता नाव बदलून दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण केंद्र झालंय. तुमची बीए तिथलीच, आणि मोठी गोष्ट म्हणजे तिथे इतिहासाचा पेपर मराठीत लिहिता येतो. इग्नूचं माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. पण मुंबईची परीक्षा सहा महिन्यांच्या सत्रांची, आणि दोनपैकी एक सत्र उन्हाळ्यात, म्हणजे आंब्यात येऊन पडतं. म्हणजे मुंबई घेतलीत तर भाषा आपली आणि वेळापत्रक परकं, इग्नूत बरोबर उलट.

मी इग्नूकडे झुकते, पण हे मी इथे बसून ठरवण्यासारखं नाही. तुम्ही असं करा. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. एमए इतिहासाच्या हिंदी पुस्तकातलं एक प्रकरण फोनवर उतरवून घ्या आणि सलग तीन-चार संध्याकाळी वाचा. वाचून झालं की पुस्तक मिटून त्याच्यावर एक पान हिंदीत लिहा. हिंदी मोडकीतोडकी आली तरी चालेल, 'उत्पादन संबंध' आणि 'कृषक समाज' अशा शब्दांची सवय महिन्याभरात होते. पण पान लिहिताना दर ओळीला अडत असाल, आपल्याला म्हणायचंय ते म्हणता येत नाही असं होत असेल, तर सरळ मुंबई घ्या आणि उन्हाळी सत्राचा एखादा पेपर राहिला तर राहू द्या. राहिलेला विषय पुन्हा देता येतो. ५५ टक्के मिळवायचे असतील तर ज्या भाषेत विचार करता त्या भाषेत लिहिण्याचा फायदा मोठा असतो, हेही मी नाकारत नाही. नाशिकचं विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि चांगलं आहे, पण तुमच्यासाठी मी ते विचार बदलून बी.लिब.कडे वळलात तरच धरेन.

इग्नू घेतलंत तर छापील पुस्तकं मागवा. डिजिटल पुस्तकं घेतली की फीमध्ये सवलत मिळते आणि तिचा मोह होतो. पण पावसात तुमच्याकडे वीज किती वेळ असते आणि टॉवर किती वेळ, ते मला सांगायला नको. फोनवरचं पुस्तक वाचता वाचता मुलाचा गेम सुरू होतो तो भाग वेगळाच.

असाइनमेंट बाजारात विकत मिळतात. झेरॉक्सच्या दुकानात, टेलिग्रामवर, सगळीकडे. त्या उतरवून काढणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना गुणही मिळतात. तुम्ही स्वतः लिहा, आणि हे मी नीतीसाठी म्हणत नाही. दूरस्थ शिक्षणात तुम्हाला शिकवायला कोणी समोर नसतं. इतिहासासारख्या विषयात संपर्क-सत्रांना जाणंही सक्तीचं नसतं, आणि देवगडहून दर रविवारी तुम्ही जाणारही नाही. चार पानांचं उत्तर स्वतः रचण्याची सवय फक्त असाइनमेंटमध्ये लागते. ती उतरवली की डिसेंबरच्या पेपरात तीन तास हात चालत नाही. बीए होऊन तुम्हाला दशक उलटून गेलंय, हातालाही व्यायाम हवा. तुमचं चार पानी पत्र वाचलं म्हणून सांगते, हात चांगला आहे.

आता तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेली दुसरी गोष्ट. वाचनालयात पावसात कुणी फिरकत नाही. अहो, रोज तीन तास, दिवा, पंखा, टेबल, दाराला कडी आणि आजूबाजूला पुस्तकं! घरात अभ्यासाला कोपरा मिळत नाही म्हणून माझ्या किती विद्यार्थिनी रडल्या आहेत. एक हर्णैची होती, ती मासळी विकून आली की मंदिराच्या ओसरीवर बसून वाचायची. तुमच्याकडे किल्ली आहे. वाचक आला की पुस्तक द्या, नोंद करा, परत बसा. कोकणाला वाचनालयांची जुनी सवय आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २०२१ च्या जुलैतल्या पुराचं पाणी त्यातल्या पुस्तकांवरून गेलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. आंग्र्यांवरची, आरमारावरची जुनी पुस्तकं हवी असतील तर या दोन्ही ठिकाणी एकेकदा जाऊन या. ग्रंथपाल म्हणून ओळख सांगितलीत तर दारं लवकर उघडतात.

सासूबाईंना उत्तर देऊ नका. वाद घालून कुणाला एमए पटलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्या म्हणण्यात खरी भीती वेगळी असते: मार्चमध्ये ही पुस्तक घेऊन बसली तर गड्यांना वाढणार कोण? एकदा सीझन तसाच नेहमीसारखा पार पडला की निम्मा विरोध आपोआप जातो. नवऱ्याशी मात्र आत्ताच बोलून घ्या. त्यांनी सीझन मागितला, तुम्ही दिलात. त्याच्या बदल्यात परीक्षेआधीचा पूर्ण नोव्हेंबर मागा. त्या महिन्यात संध्याकाळचा स्वयंपाक तुमच्याकडे नाही, मुलाचा अभ्यास बाप घेईल, आणि दिवाळीनंतर पाहुणे बोलवायचे नाहीत. हे परीक्षेच्या तोंडावर मागितलं तर भांडण होतं, पुष्कळ आधी मागितलं तर ठरतं.

नणंदबाईंना सांगा, मानसशास्त्राचा बाहेरून विचार सध्या सोडावा. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि आरोग्याशी जोडलेले काही अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला आयोगाने बंदी घातली आहे. आधी प्रवेश घेतलेल्यांची गोष्ट वेगळी. कणकवलीचा माणूस त्यांनाही मानसशास्त्र देऊ करेल, म्हणून आवर्जून लिहिते. करायचंच असेल तर नियमित कॉलेज, नाहीतर समाजशास्त्र किंवा समाजकार्य यांपैकी काही आवडतंय का ते त्यांनी बघावं.

आता सगळ्यात कंटाळवाणं, पण लग्न झालेल्या बाया नेमक्या इथेच अडतात. तुमच्या बीएच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं. एबीसी आयडी, डीईबी आयडी, प्रवेशअर्ज हे सगळं आधारच्या नावाशी ताडून बघितलं जातं आणि शेवटी पदवीवर कोणतं नाव छापायचं हाही प्रश्न येतो. लग्नाची नोंदणी केलेली असेल तर ते प्रमाणपत्र शोधून ठेवा, नसेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. नाव राजपत्रात बदलून घेतलेलं असेल तर त्याची प्रत काढा. आधारवरच्या जन्मतारखेत आणि दहावीच्या दाखल्यात फरक असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या, आधार केंद्रावरची दुरुस्ती आठवड्यात होईल असं धरू नका. बीएच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र हातात आहे का तेही बघा. पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून आणायचंच राहून गेलं असं खूप जणींचं होतं. जानेवारी सत्राचे अर्ज साधारण डिसेंबरच्या आसपास सुरू होतात. ही कागदपत्रं गणपती झाले की काढायला घ्या, म्हणजे भात कापायच्या आत फाइल तयार असेल. आणि हिंदीतलं ते एक पान लिहून झालं की मला पाठवा, मुंबई की इग्नू ते मग नक्की करू.